गुरुवारचे नूतनीकरण

इद्रिसू साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एकाची कड दुसऱ्याच्या कडेला नीट लावली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हा मृत्यूचा दाखला. मंगळवार, पहाटे चार. आणि ही पॉलिसी. त्याच आठवड्यातला गुरुवार, सकाळी अकरा. म्हणजे गुरुवारी तुझ्या वडिलांनी गाडीचा विमा रिन्यू केला. मला एवढंच सांग बाबा, कसा केला?"

एबो एसिल्फी खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि तो माणूस कोणत्याही क्षणी परत येईल, असे त्याला सगळ्याच खुर्च्यांवर वाटत असे. जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत तो नकाशे काढायचा. तिथे दिवसभर कुणी त्याच्याशी बोलत नसे, आणि ती नोकरी त्याने त्यासाठीच धरली होती. आज मात्र सॉल्टपाँडहून केप कोस्टला ट्रोट्रोने, म्हणजे भाड्याच्या मिनीबसने, येण्याची त्याची ही पाचवी खेप होती. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला मागितला होता, दुसऱ्या खेपेला पोलिसांचा रिपोर्ट, तिसऱ्या खेपेला कोर्टाचे वारसपत्र. चौथ्या खेपेला साहेब रजेवर होते. सगळे कागद जमले तेव्हा त्या कागदांनीच एकमेकांविरुद्ध साक्ष दिली होती.

"मी केला," एबो म्हणाला. "वडिलांच्या फोनवरून."

"एजंटाने फोन केला होता?"

"हो. म्हणाला, आज रात्री मुदत संपते."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, पापा झोपलेत. पैसे पाठवतो, रिन्यू करा."

इद्रिसू साहेबांनी पेन खाली ठेवले. ते उत्तरेचे, तमालेचे. उंच, शांत माणूस. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि एबोला रागापेक्षा तेच अधिक जड गेले.

"हे बघ. गाडी तुमची, चूक ट्रकवाल्याची. तंबू-खुर्च्यांचा ट्रक मागे घेताना त्याने उभ्या गाडीवर घातला, सर्व्हेअरने फोटो काढलेत, सगळं मान्य. त्या ट्रकच्या काचेवरचं विम्याचं स्टिकर खोटं निघालं, म्हणून तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर आलात, तेही मान्य. पण तू मेलेल्या माणसाच्या नावाने, तो जिवंत आहे असं सांगून पॉलिसी घेतलीस. आमच्याकडे याला एकच शब्द आहे, आणि तो मी तुझ्या तोंडावर उच्चारू इच्छित नाही. क्लेम मागे घेतोस म्हणून सही कर. प्रकरण इथेच मिटेल."

त्यांनी तिसरा कागद पुढे सरकवला. एबोने तो उचलला, वाचला, आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

"सही करणार नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की साहेबांना पुढे वाकावे लागले.

"काय?"

"सही करणार नाही, साहेब. मी लपवलं नव्हतं. ते सांगणं माझं नव्हतं."

"मुलगा ना तू त्यांचा? मग कुणाचं होतं?"

याचे उत्तर देणे म्हणजे त्या टेबलावर आपले सगळे कूळ मांडणे होते.  "पुढच्या आठवड्यात येतो," एवढेच म्हणून तो उठला.

*

परतीच्या ट्रोट्रोत तो खिडकीशी बसला. समुद्र डावीकडून उजवीकडे गेल्यासारखा वाटला, इतका तो विचारात होता. गाडीशिवाय आईची भट्टी फार तर महिनाभर चालेल, हे त्याला ठाऊक होते. आई पहाटे गोड पाव भाजायची, आणि पापा, शाळेतून निवृत्त झालेले एसिल्फी मास्तर, आपल्या पांढऱ्या स्टेशन वॅगनमधून तो पाव यामोरान्साच्या तिठ्यापर्यंत रस्त्याकडेच्या बायकांना पोचवायचे. चौदा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स घेणारा सबंध गावात तो एकटाच माणूस. लोक हसायचे. मागच्या काचेवर त्यांनी रंगवून घेतले होते: अजून शिकतोय. एकदा एका पोलिसाने त्यांना त्यावरून थांबवून शिकाऊ परवाना मागितला होता, आणि मास्तरांनी त्यालाच पाच मिनिटे शुद्ध वाक्यरचना शिकवून एक पाव हातात दिला होता.

ती काच आता अंगणात एका गोणीत होती. आईने तिचा तुकडान् तुकडा वेचला होता. महिनाभर पाव भाड्याच्या टॅक्सीने जात होता, आणि भाडे पावाला खात होते.

घरी आई परात घासत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"गुरुवारवर अडलं," एबो म्हणाला.

आईचे हात थांबले. त्या गुरुवारी ती इथेच, याच परातीत पीठ मळत होती. नवरा शवागारात होता, आणि तिने डोळ्यांतून पाणी काढले नव्हते. काढायचे नसते. मृत माणूस त्याच्या आईच्या कुळाचा असतो. बायको आणि मुले दुसऱ्या कुळाची. कुळाच्या वडीलधाऱ्याला दोन माणसांनी रीतसर जाऊन सांगायचे, जिनची बाटली पुढे ठेवायची, आणि त्याने ती स्वीकारली की मग ते मरण. तोवर रडायचे नाही, आणि सांगायचे तर मुळीच नाही. मास्तरांचे मामा, नाना क्वान्सा, त्या आठवड्यात सेकोंडीला दुसऱ्या कुणाच्या मयतीला गेले होते. ते परतले रविवारी. मंगळवार ते रविवार, पाच दिवस, या घरात पाव भाजला गेला, कोंबड्यांना दाणे टाकले गेले, शेजाऱ्यांना "मास्तरांचं अंग बरं नाही" सांगितले गेले. एबोने नकाशे काढले. पापांचा फोन वाजला, तो त्याने उचलला.

"मी एजंटाला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"नानांच्या आधी? विम्याच्या एजंटाला?" आई म्हणाली. "मग लोकांनी मला या गावात पाव विकू दिला असता?"

"मग नानांनीच येऊन साहेबांना सांगावं."

आई हसली, पण त्यात हसू नव्हते. "कोर्टाने गाडी आपल्याला दिली तेव्हापासून ते माझ्या पावाला हात लावत नाहीत. जुन्या रीतीने ती त्यांच्या दुसऱ्या भाच्याला, क्वेसीला गेली असती. आता तू त्यांच्या दारात जाणार आणि म्हणणार, नाना, जी गाडी आम्ही तुमच्याकडून काढून घेतली तिच्या दुरुस्तीचे पैसे मिळवून द्या?"

"हो," एबो म्हणाला. "तसंच म्हणणार."

आईने त्याच्याकडे नीट पाहिले. मग परात उपडी घातली आणि आतून तिने जपून ठेवलेली एक जिनची बाटली आणली. "हातात धरून जा," ती म्हणाली. "पिशवीत नको. पिशवीतून माणूस उधारी नेतो."

*

नाना क्वान्सा मँकेसिमच्या घराच्या ओसरीवर, कापड खांद्यावर घेऊन बसले होते. त्यांच्याशी थेट बोलायचे नसते. जे सांगायचे ते नानांच्या वतीने बोलणाऱ्या एगिर काकांना सांगायचे, आणि एगिर काका ते नानांना सांगणार, मग नाना हाताच्या अंतरावर का बसलेले असेनात. सहसा मुलाच्या वतीनेही कुणी वडीलधारा बोलतो. एबोबरोबर कुणी नव्हते. त्याने मुद्दामच कुणाला आणले नव्हते. आणले असते तर तो गप्पच बसला असता, आणि दुसऱ्याच्या तोंडी आपली गोष्ट दुसरीच झालेली ऐकत राहिला असता.

पाणी आले. तो प्यायला. एगिर काकांनी रीतीप्रमाणे विचारले, "इकडे सगळं थंड आहे. पाय कशासाठी उचललेत?"

एबोने बाटली ठेवली आणि सगळे सांगितले. दोनदा त्याचा आवाज मध्येच विझला, दोनदा त्याने तो पुन्हा पेटवला. एगिर काकांनी ते नानांना वळवून सांगितले. त्यांच्या तोंडी ते अधिक सुबक झाले.

नाना म्हणाले, "त्याला विचार, कोर्टाने गाडी दिली ना? मग बोलायलाही कोर्टालाच ने म्हणावं."

"नाना म्हणतात..." एगिर काका वळले.

"ऐकलं मी, काका." एबोचे कान तापले होते. समोरच्या मातीत एक कोंबडी काहीतरी उकरत होती, तिच्यावर त्याने नजर ठेवली. "नानांना सांगा, मला कोर्ट नकोय. मला त्यांच्यासारखा कुणी हवाय, ज्याला ठाऊक आहे की मी का गप्प होतो. त्या गुरुवारी मी दोन शब्द बोललो असतो तर गाडी आज रस्त्यावर असती. नाही बोललो. कारण ते शब्द नानांचे होते. मी त्यांचा हक्क राखला, नि त्याच हक्काला आता साहेब लबाडी म्हणतात."

एगिर काका हे वळवून सांगायला तोंड उघडणार, तोच नानांनी हात वर केला.

"एवढा बोलतो होय हा?" ते म्हणाले. "बारशापासून बघतोय, मला वाटलं याच्या आईने जीभही भट्टीत घातली."

एगिर काका खदखदून हसले. एबो हसला नाही. नानाही मग हसायचे थांबले. आता त्यांनी मधल्या माणसाला वगळून सरळ विचारले, "रडला होतास? त्या पाच दिवसांत?"

"नाही. तुम्ही आला नव्हतात."

नानांनी कापड खांद्यावर पुन्हा सावरले. ते घसरलेले नव्हते.

"तो साहेब कुठला?"

"तमालेचा. मुसलमान आहे."

"मग ही बाटली तिथे चालायची नाही. त्यांच्याकडे मान कोलाच्या बियांनी देतात, त्या आण. पांढऱ्या, बिनकिडक्या. बाजारात झुबेदाकडे मिळतील. माझं नाव सांगू नकोस, महाग देईल. मंगळवारी सकाळी येऊन घेऊन जा मला. ट्रोट्रोत पुढची सीट धर, माझा गुडघा दुमडत नाही."

"आणि क्वेसी?" एगिर काकांनी हळूच विचारले.

"क्वेसीला पाव भाजता येतो का?" नाना म्हणाले. ओसरीवर तो विषय तिथेच संपला.

*

मंगळवारी कचेरीतल्या पंख्याखाली चौघे बसले. नाना काळ्या कापडात, डोके ताठ. एगिर काका त्यांच्या उजव्या हाताला. एबोच्या मांडीवर हिरव्या पानांत गुंडाळलेला कोला. इद्रिसू साहेबांनी आधी पाणी मागवले, आणि एबोला प्रथमच वाटले की हा माणूसही कुठल्या तरी ओसरीवर वाढला आहे.

नानांनी खूण केली. एबोने कोला टेबलावर ठेवला, त्या तीन कागदांच्या शेजारी.

"साहेब," एगिर काका म्हणाले, "नाना एक वर्तमान घेऊन आलेत. ते तुम्हाला अडीच महिन्यांपूर्वीच मिळायला हवं होतं."

इद्रिसू साहेबांनी पान उलगडले. आतल्या बिया दाताच्या रंगाच्या, स्वच्छ. त्यांनी एकीला बोट लावले आणि मागे घेतले. "कंपनीच्या माणसाला भेट घेता येत नाही, नाना."

"भेट नाही ही. निरोपाचं आसन आहे," नाना स्वतःच म्हणाले. एगिर काका चमकून त्यांच्याकडे बघू लागले. "तुम्ही खा, नका खाऊ, पण इथे असू द्या. नुसत्या तोंडाने मी माझ्या भाच्याचं मरण कुणाला सांगत नाही."

साहेबांनी पान तसेच उघडे ठेवले.

"हा मुलगा आमच्या कुळाचा नाही," नाना सांगू लागले. "बापाचं मरण सांगायचा अधिकार याला नव्हता. मला होता. हा बोलला असता तर आम्ही याच्याकडून दंड घेतला असता, आणि याच्या आईला उभ्या गावाने नावं ठेवली असती. तुमच्या कागदावर गुरुवारी माझा भाचा दोन दिवसांचा मेलेला. आमच्या घरात तो रविवारी मेला. आता तुम्ही विचाराल, म्हाताऱ्या, रविवारपर्यंत होतास कुठे?"

"विचारणार होतो," साहेब म्हणाले.

नाना थांबले. रस्त्यावर कुणी केंकी, मक्याचे उंडे, विकणारी ओरडत गेली. 

"सेकोंडीला. मयत शनिवारची होती, पण मी सोमवारपासून तिथे. बुधवारी संध्याकाळी एक ओळखीचा ड्रायव्हर आला. काही बोलला नाही. फक्त माझ्याशेजारी बसला आणि मला विचारलं, नाना, घरी कधी निघणार? त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं. त्याच रात्री निघालो असतो तर गुरुवारी सकाळी घरी असतो, अकराच्या आत. नाही निघालो. लोकांच्या मयतीचं जेवलो, मयतीच्या ढोलावर लोकांसाठी नाचलो, आणि चार दिवस काढले. मी परत जाईपर्यंत मला कुणी सांगणार नव्हतं. आणि मला सांगेपर्यंत तो मेलेला नव्हता. मीच त्याला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला होता, साहेब. उशीर माझा आहे. या पोराच्या नावावर लिहू नका."

एबोने खाली पाहिले. नानांचा हात न दुमडणाऱ्या गुडघ्यावर होता. पाच दिवस आपण एकटेच तो श्वास धरून बसलो होतो, असे त्याला आजवर वाटत आले होते. दूर सेकोंडीत, परक्यांच्या ढोलात, दुसरा एक माणूसही तोच श्वास धरून बसला होता.

 इद्रिसू साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझे वडील सकाळी गेले," ते म्हणाले. "मी अक्राहून बसने निघालो. आमच्याकडे थांबत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर पुरून मोकळे. मी पोचलो तेव्हा माती वाळलेली होती. मला कुणी पाच दिवस दिले असते तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले आणि पॉलिसीचा कागद जवळ ओढला. "असो. कोला मला फाइलला लावता येत नाही. पण तुमचा जबाब लावता येतो. तारखांसकट, अंगठ्यासकट."

"अंगठा कशाला? मला सही येते," नाना म्हणाले. "माझ्या भाच्यानेच शिकवली. म्हातारपणी. छडी घेऊन."

आता मात्र सगळेच हसले.

साहेबांनी कोरा कागद घेतला. नानांचे बोलणे त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतले आणि खाली नानांनी, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर सावकाश काढले. "मी शिफारस करीन," साहेब म्हणाले. "पॉलिसी रद्द करू नये, नाव तेवढं वारसाचं करावं. रक्कम तीच, धोका तोच, गाडी तीच. वर काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. नाव बदलायचा आकार कापतील, जुन्या सुट्या भागांचेही कापतील." मग ते एबोकडे वळले. "पण एक जबाब राहिला. गुरुवारी ज्याने फोन उचलला त्याचा. फोनवर जे सांगितलं नाहीस, ते आता सांग. मी लिहितो."

एबोने तोंड उघडले.  रविवारी गावाला नानांनी सांगितले होते, दफनाला पाद्र्याने, कोर्टात वकिलाने, दाखल्यात कारकुनाने. त्याच्या वाट्याला ते वाक्य एकदाही आले नव्हते. ते नाही आले म्हणून त्याने मनोमन आभारच मानले होते.

त्याने नानांकडे पाहिले.

"सांग," नाना म्हणाले. एगिर काकांना त्यांनी मध्ये येऊ दिले नाही. "माझी परवानगी आहे. मोठ्याने सांग, मला कमी ऐकू येतं."

"माझे वडील," एबो म्हणाला, आणि पुन्हा सुरुवात केली. "माझे वडील मंगळवारी पहाटे चार वाजता वारले. मी त्यांच्याजवळ होतो. त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता. त्यांनी विचारलं, पाव गेला का? मी म्हटलं, जाईल. आणि ते वारले."

इद्रिसू साहेबांनी प्रत्येक शब्द लिहिला. पावाचाही.

*

उत्तर यायला चार आठवडे लागले. मधे एबो आणखी तीनदा केप कोस्टला गेला. फाइल अक्राला आहे असे एकदा कळले, अक्राला नाही असे एकदा कळले, आणि तिसऱ्या खेपेला तो खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसला आणि म्हणाला की ती कुठे आहे हे कळेपर्यंत मी इथेच आहे. दुपारी ती सापडली. क्लेम मंजूर झाला, कापायचे ते कापून, आईच्या नावाने.

फिटरने उजवी बाजू नवी बसवली, पण तिचा पांढरा रंग जुन्या पांढऱ्याशी जुळला नाही. एक दुधाचा, एक हाडाचा. मागची काच कोरी होती. रंगाऱ्याने विचारले, काय लिहायचे? एबो म्हणाला, सध्या काही नको.

पहिल्या दिवशी तो सावकाश गेला. मागे पाव ऊन होता आणि सगळ्या गाडीत पापांच्या सकाळींचा वास होता. यामोरान्साच्या तिठ्यावर मान्सा बसते. ती चार महिने मुलीच्या बाळंतपणाला सीमेपलीकडे होती, कालच परतली होती. गाडी पाहताच तिने टोपली उचलून हाक मारली:

"अरे, मास्तर कुठे? आज पोराला धाडलं? आळशी झाला वाटतं म्हातारा! आणि गाडीला ठिगळ कसलं हे?"

मागून एक ट्रोट्रो हॉर्न वाजवत होती. एबोने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि उतरून तिच्या बाकावर जाऊन बसला. मान्साने त्याच्याकडे पाहिले, तिचे हसू जागच्या जागी थांबले, आणि रीत सांगते त्याप्रमाणे तिने आधी मडक्यातून पाणी आणून त्याच्यापुढे धरले.

तो सगळे पाणी प्यायला. भांडे तिच्या हातात परत दिले.

मग त्याने तिला सांगितले.